दहावा पेशंट

(दादाचा दवाखाना. पेशंट कुणी नाही.)

दादा: बस की खुर्चीत. हिरडी सुजलीय म्हणालीस ना फोनवर? बघू तरी दे.

बहीण: नको. उभ्यानंच बोलते. दाखवून आलेय दुसरीकडे.

दादा: दुसरीकडे? सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर असताना?

बहीण: तिथल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला आणि पहिलं काय विचारलं, सांगू? शेजारचे दात एवढे कललेले असताना हाडात स्क्रू घालून हा दात, हे इम्प्लांट कुणी बसवलं? मी तुझं नाव घेतलं नाही. लाज वाटली मला.

दादा: प्रत्येकाची पद्धत वेगळी असते गं.

बहीण: पद्धत कसली? इम्प्लांट एकदा हाडात धरलं की जागचं हलत नाही. म्हणून आधी ते पारदर्शक ट्रे घालून दात सरळ करायचे, जागा मोकळी करायची, मग इम्प्लांट. मला पाच मिनिटांत कळलं. तुला माहीत नव्हतं?

दादा: माहीत होतं.

बहीण: मी विचारलंसुद्धा होतं तुला, दात तिरके आहेत, चालेल का म्हणून. तर म्हणालास, मी आहे ना.

दादा: आता लावू ना ट्रे. आठ-दहा महिन्यांत बाकीचे दात...

बहीण: बाकीचे सरकतील. हा नाही सरकणार. हाड कोरून काढावा लागेल म्हणाल्या. दादा, इकडे बघ. तुला घाई कसली होती?

दादा: त्या इम्प्लांटच्या कोर्सची परीक्षा होती. दहा पेशंटचं काम दाखवायचं होतं.

बहीण: मग?

दादा: नऊच झाले होते. दिवस थोडे राहिले होते. वाटलं, निभावून जाईल.

बहीण: तुझं निभावलं. ते कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंस तेव्हा खाली स्टूल धरून मीच उभी होते. कौतुक मावत नव्हतं मला.

दादा: चुकलं माझं.

बहीण: परकी बाई असती, तर तिच्या तोंडात केलं असतंस हे?

दादा: नसतं केलं. तिला आठ महिने थांबायला सांगितलं असतं.

बहीण: आणि मला?

दादा: तू माझं ऐकतेस. लहानपणापासून. सांगायची गरजच वाटली नाही.

बहीण: खरं काय ते सांगितलं असतंस ना, तरी या खुर्चीत बसले असते रे मी.