दादाच्या मिरचीला पाणी

नाही, मला आधी एक सांगा, ॲग्रीकॉस म्हणजे नेमकं काय हो? कारण दादा गेल्यावर त्याचं सामान आणायला मी होस्टेलवर गेलो, तर जो भेटला तो हेच! बाबांना जिना चढवेना, आई म्हणाली तूच जा, आता मी जेमतेम सातवीपर्यंत शाळा बघितलेला माणूस, शेती कॉलेजच्या गेटातच घाम फुटला... तिथं वॉचमनकाका, ‘लंबूचा भाऊ का रे तू? काय ॲग्रीकॉस होता तो!’ लंबू म्हणजे आमचा दादा, हे कळलं, पण म्हटलं, ॲग्रीकॉस म्हणजे काय? तर डोळेच पुसायला लागले. रडणाऱ्या माणसाला अर्थ कसा विचारायचा, तुम्हीच सांगा!

वर खोलीत त्याचा पार्टनर, जाड्या. पलंगाखाली मातीच्या पिशव्या, उशाशी खुरपं, खिडकीत ओल्या कागदावर मोड आलेल्या बिया, आणि कपडे? दोन शर्ट! आत्या गावभर सांगायची, ‘आमचा शिकून साहेब होणार!’ हा साहेब! जाड्याला विचारलं, तर म्हणे, ‘म्हणजे आपण शेतीवाले... पण ते सांगून नाही कळत भावा, ते असावं लागतं.’ घ्या! तेवढ्यात सर आले, ‘असले शब्द वापरू नयेत, कृषीचे विद्यार्थी म्हणावं,’ आणि चष्मा पुसत स्वतःच, ‘असा ॲग्रीकॉस पुन्हा नाही मिळायचा...’ पण ॲग्रीकॉस म्हणजे काय, ते कुणी सांगेल तर शपथ!

मग मला त्याच्या प्लॉटवर नेलं. तिथं प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा, ज्याचा त्याने पिकवायचा. दादाची मिरची. अर्धी हिरवीगार, आणि अर्धी माना टाकून! डोकंच फिरलं माझं. माणूस गेला म्हणून त्याच्या रोपांना पाणीसुद्धा नाही? झारी दिसली, भरली, सुटलो! मागून जाड्या बोंबलतोय, ‘अरे थांब! प्रयोग आहे तो! मुद्दाम तहानलेली ठेवलीत, किती तग धरतात बघायला! तुझा दादाच सांगून गेलाय, थेंब घालायचा नाही!’

थेंब घालायचा नाही... तुम्हाला सांगतो, नर्सबाई हेच म्हणाल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी दादा माझ्याकडे बघून, ‘छोट्या, पाणी... ओठांना तरी लाव,’ बाटली माझ्याच हातात, आणि नर्सबाई, ‘ऑपरेशन आहे, थेंब द्यायचा नाही हं!’ जन्मात मी कुणाचं ऐकलं नाही हो, मास्तरांचं नाही, बाबांचं नाही... नेमकं त्यांचं ऐकलं! आणि दादा आतून परत आलाच नाही.

इकडे जाड्या रडकुंडीला, ‘सगळी मेहनत गेली रे त्याची!’ सर पुन्हा चष्मा पुसायला लागले. आता मी तरी काय करणार?

म्हटलं, ‘जाड्यादादा, मला कुठलं कळायला? मी थोडाच ॲग्रीकॉस आहे!’

आणि झारी पुन्हा भरून आणली, राहिलेल्या ओळीलाही घातली.