टोपलीची शेंडी

ये ग सुमन, उंबऱ्यावर नगं बसू, हितं माझ्या गुडघ्यापाशी ये. भाची म्हणवून घेतीस अन् दोन वर्सं तोंड दाखवलं न्हाईस, नवऱ्यासंग त्या आखातातल्या बेटावर जाऊन बसलीस, अन् आता आलीस ती ही टोपली घेऊन. म्हणतीस कशी, आत्या, बघ, तिथल्या बायकांची जुनी कला, किल्ल्यापाशी मिळती, खास तुझ्यासाठी आणली. येडी ग येडी! उलटी करून बघ ती. बुडाचा पीळ डावीकडं गेलाय न्हवं? असा पीळ माझ्या धाकट्या जावेचा, सुंद्राचा. डावखुरी हाय ती. तू बीडला वाढलीस, तुला कुठनं ठाव असणार. लिहून घ्यायचं म्हणतीस तर घे, पर मधीच मोबाईलात बघू नगं.

आमचं गाव आष्टीकडलं, सगळं कोरडवाहू. वड्याला शिंदी, म्हंजे रानखजूर, मात्र लई. आमच्या गल्लीतल्या बाया तिच्या पातीचे घर झाडायचे फडे करायच्या, टोपल्या विणायच्या, अन् दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला जायच्या. मला आईनं शिकवलं, सुंद्रा लगीन होऊन आली तवा तिला मी शिकवलं. आईची एक रीत होती. टोपली पुरी झाली तरी शेवटची पात काठात खोवायची न्हाई, बोटभर बाहेर सोडायची. तिला शेंडी म्हणायचं. टोपली जिच्या घरी जाईल तिनं आधी पसाभर ज्वारी टाकायची, अन् मग आपल्या हातानं शेंडी आत खोवायची. आई म्हणायची, करणारीनंच समदं पुरं केलं तर घेणारीचा हात कुठं लागंल, टोपली परकीच राहती.

मग तो दुष्काळ पडला. उसाची रानं वाळली, टोळीला कुणी इचारीना, जनावरं छावणीत अन् माणसं टँकरमागं. शिंदी तेवढी हिरवी. तवा बायांची सोसायटी निघाली. कागदावर चेअरमन बाई, पर बाई कधी सोसायटीच्या दारात दिसली न्हाई, कारभार समदा तिच्या नवऱ्याचा, त्याला समदे मालक म्हणायचे. तो एक दिवस आला अन् म्हणला, समुद्रापल्याड एक बेट हाय, तिथं जुना किल्ला बघायला जगातनं माणसं येत्यात, त्यांच्यापुढं बसून पाती विणायच्या, तुमची कला जग बघंल. काय सांगू तुला, माझ्या हाताकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. ऊस तोडणारीचा हात, कोण बघतंय? मी लाल काठाचं लुगडं घेतलं, लोकांपुढं बसायचं म्हणून. सुंद्रा हसली, म्हणली, थोरल्या बाई, नवरीच निघाली जणू.

सुंद्रा अन् मी तिथं गेलो. किल्ल्याच्या पायथ्याला मातीची घरं उभी केलेली, राहायची न्हवं, दाखवायची. एकात कुंभार, एकात मागावर कापड विणणारा, बाहेर मोती काढायच्या जुन्या होड्या. अन् आमाला कुठं बसवलं? चटईच्या पडद्यामागं. पडद्यापुढं तिथली एक म्हातारी, काळा बुरखा, मांडीवर अर्धी टोपली. पावणे यायचे, तिचे फोटू काढायचे, अन् मागं आमी विणलेल्या टोपल्या घेऊन जायाचे. माझं लुगडं पडद्यानं बघितलं.

म्हातारीला आमी खाला, म्हंजे मावशी, म्हणायचो. घरकामाच्या बायांकडनं हिंदी शिकलेली, अन् आपली बोली निजामाकडची, जमायचं आमचं. तिची बोटं आखडलेली. एकदा म्हणली, माझ्या आईच्या टायमाला हितं गोड्या पाण्याचे झरे होते, आता आटले, खजुराची झाडं वाळली, पोरी कचेरीत जात्यात, पात कोण धरतंय? मी म्हणलं, खाला, म्हंजे तुझ्याकडंबी दुष्काळच हाय की.

तिनंच एक दिवस शेंडी धरून इचारलं, ये क्या छोड़ी तू? मी रीत सांगितली. तिनं टोपलीत दोन खजूर टाकले अन् आखडल्या बोटांनी हळूहळू शेंडी खोवली. मग एक गोरी बाई टोपली बघाया लागली, तशी खालानं पडदाच बाजूला सारला. म्हणली, मैं नहीं, इसने बनाई. लोक वळले, बघाया लागले. माझे हात बघितले लोकांनी, सुमन. तेवढाच येक दिस.

सांजच्याला आमच्यावर नेमलेला मुकादम आला. आपल्याच मुलखातला, पर बूट-टाय घालून. म्हणला, लोक हितं बेटाची कला बघाया येत्यात, तुमची न्हाई. पडदा सरकवायचा न्हाई, अन् ही लोंबती पात दिसाया नगं, माल अर्धवट वाटतो. आमच्या पुढ्यात कात्री ठेवली. मी हात लावला न्हाई. सुंद्रा म्हणली, कावून आडून बसलाव? शेंडीनं पोट भरतंय का? घरी पोरं वाट बघत्यात. तिनं कात्री उचलली.

मला माघारी धाडलं. गावात मालक म्हणला, एका पातीपायी गावाचं नाव घालवलं, अन् सोसायटीची पायरी मला बंद केली. मी परत कोयता घेतला. सुंद्रा दर हंगामाला जात राहिली. पोरं शिकवली तिनं, स्लॅबचं घर बांधलं. माझ्या दारावरनं मान खाली घालून जायाची, अन् मीबी हाक मारली न्हाई. तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई, पर माफबी झालं न्हाई माझ्याच्यानं. पोरं शहराला लागली, अन् आता कैक वर्सं ती गावाकडं आलीच न्हाई. हयात हाय का न्हाई तेबी ठाव नव्हतं, तू ही टोपली आणस्तवर.

बघ हितं काठापाशी, शेंडीच्या जागी कात्रीचा काप. आजूनबी कापती ग ती.

वड्याची शिंदी जेसीबीनं काढली, सोसायटीला कुलूप हाय. उरल्या चार बुडख्यांच्या पातीवर मी वरसाला येखादी टोपली विणती, ही बघ. शेंडी बाहेर हाय. नगं, तू नगं खोवू. परत जाशील तवा घेऊन जा, ही ज्वारीची पुरचुंडीबी ठेव संगं. किल्ल्यापाशी गेलीस की पडद्यामागं शिर, कुणी आडवलं तरी शिर, अन् तिच्या मांडीवर ठेव. म्हणावं, थोरलीनं धाडलीय, डाव्या हातानंच खोव. अन् म्हणावं, माझे डोळे हायत तवर येकदा घरी येऊन जा, उशीर नगं करू.