गुहेच्या दाराशी काढलेले बूट

डहाणू स्टँडवर उधव्याच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे नीलम मास्तरीण आणि तिची आई. आईचा आवाज अख्ख्या रांगेला पुरणारा.

"आई, पुढच्या मे महिन्यात मी परत जाऊ ना व्हिएतनामला, त्या मोठ्या गुहेत?"

"आधी सांग, गुहेत शिरताना बूट कशाला काढलेस?"

"सवयीने गं. आपण डोंगरातल्या देवीपाशी काढतो तसे. सोबतच्या मैत्रिणी हसल्या."

"हसू दे. आत देव होता?"

"मूर्ती नव्हती. एका जागी छत कोसळलंय, तिथून ऊन येतं. खाली अख्खं जंगल उगवलंय. आणि आतच ढग!"

"गुहेत ढग? मला गंडवतेस, बाय?"

"तुझी शपथ. मला रडू आलं."

"आणि त्या हसणाऱ्या?"

"त्यांनीपण गपचूप बूट काढले."

आई पहिल्यांदाच हळू बोलली.

"जा. पण नारळ घेऊन जा. एवढ्या मोठ्या ठिकाणी रिकाम्या हाताने गेलीस!"