आकडा दोनच्या खाली

मी, गल्लीत शिलाईवाली मावशी म्हणून ओळखली जाणारी, वय ६१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पोस्टामागची इमारत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती (पूर्वी गाडी शिकवण्याचा धंदा) व मुलगा असे राहतो. पतींच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. जुन्या गोळीला दर महिन्याला रक्त तपासावे लागे. रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा (आयएनआर) दोन ते तीनमध्ये हवा. दोनच्या खाली आला की डॉक्टर फोनवर सांगत, "मावशी, अर्धी वाढवा." कित्येक वर्षे हे मीच सांभाळले. पती म्हणत, "माझं रक्त आणि हिचा चहा, दोन्ही पातळ."

यंदा डॉक्टरांनी नवी गोळी दिली, सकाळी एक व संध्याकाळी एक. आता दरमहा तपासणी नको, असेही सांगितले. पण ह्यांना लॅबमध्ये जायची सवय. तेथील ताईंशी गप्पा होतात. "तपासून घ्यायला आपलं काय जातंय?" म्हणाले, म्हणून गेलो. गोळी बदलल्याचे ताईंनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

आकडा १.१ आला. पुढे नॉर्मल लिहिले होते. ते निरोगी माणसाचे नॉर्मल, आमचे नव्हे, एवढे मला कळत होते. मला वाटले, नवी गोळी लागूच पडत नाही. डॉक्टर रजेवर होते, फोन लागला नाही. मी जुन्या सवयीने गोळी वाढवली. दोन्ही वेळेला एकेक जास्त दिली. मुलाला सांगितले नाही. आगाऊपणा करतेस म्हणाला असता.

आठवड्याभराने पती न्हाणीघरात घसरले. कपाळावर लहानसे टेंगूळ आले. मी बर्फ लावला व चिडवलेसुद्धा, "जन्मभर लोकांना ब्रेक शिकवला, स्वतःचा लागला नाही." दुपारी त्यांची जीभ जड झाली. हॉस्पिटलात डोक्यात रक्तस्राव दिसला. तेथेही तीच तपासणी केली, आकडा जवळपास तोच आला. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन जास्तीच्या गोळ्यांचे सांगितले. त्या म्हणाल्या, "आजी, या गोळीने तो आकडा फारसा हलत नाही. गोळी अंगात भरपूर असली तरी नॉर्मल येऊ शकतो." गोळी रक्तात किती आहे, हे मोजायची तपासणी वेगळी. ती तेथे होत नाही. गोळीवरचा उतारा मागवला, तोही मिळाला नाही. बाईंनी रक्त गोठवणारे जवळ होते ते औषध दिले. मी ह्यांचा चष्मा हातात धरून बसले. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

पती अद्याप शुद्धीवर नाहीत. येतील की नाही, कोणी सांगत नाही.

लॅबने चुकीचा रिपोर्ट दिला, अशी मुलाची तक्रार आहे. त्यावरून ताईंना काल येथे बोलावले होते, त्या रडल्याचे कळले. रिपोर्ट चुकीचा नव्हता. तो मी चुकीचा वाचला.

मला येथे मुलगाच घेऊन आला. "घाबरू नकोस आई, जे खरं आहे ते सांग," म्हणाला. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याला यातले काही माहीत नाही.

हा जबाब माझ्या विनंतीवरून दार लोटून, हळू आवाजात वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.