राकेल पाझरलं नाही

नाही जी, उठवू नका त्याइले — आत्ताच उस्तादचा डोळा लागला पडद्यामागं. बसा ना. नागपूरवरून आले तुमी, कंटाळले असान, पन इंजिनाच्या हेडची परीक्षा घाईनं होत नाही. हे पहा, हेड उलटं ठेवलं, वॉल्व मिटलेले आहेत, वरच्या खळग्यात राकेल ओतलं. खालच्या वाटेनं थेंब आला का समजा काम वाया गेलं. अर्धा घंटा कोरडं राहिलं तर अस्सल. तुमच्या शेठच्या गॅरेजात अशाच अमेरिकन गाड्या येतात म्हने — रोज? बाप्पा! अथी गोंदियाकडच्या गोरेगावले काय, ट्रॅक्टर न् धानाचे थ्रेशर. तेच हेड, तेच वॉल्व, वीस वर्षं.

काय म्हनता? चैतरामनं तर हात नाही ना लावला? ... मीच चैतराम जी. नाही नाही, उठू नका, राग नाही आला. गोंदियात सांगतलं असंन कोनी — चैतरामच्या हातात हेड देऊ नका. खरं आहे. मागच्या वर्षी अशाच एका अमेरिकन लाल गाडीचं हेड आलं होतं. मालकाले हौस — मोठा वॉल्व पायजे, अजून मोठा! म्या म्हनलं, शेठ, दार मोठं केलं न् समोरच भिंत असली तर हवा येईन कोठून? वॉल्व सिलिंडरच्या काठाले खेटते, उघडून फायदा काय? ऐकते कोन! आमाले सवय ट्रॅक्टरची — जाड बिडाचं लोखंड, कापा कितीबी. हे अमेरिकन हेड पातळ, वॉल्व बसते त्या सीटच्या मागंच पान्याची वाट. उस्तादनं कटर फिरवला, फिरवला — म्हन्जे म्या फिरवला — न् पानी आलं ना जी सीटमधून. हेड भंगारात.

आता पाहून काऊन राहिले असे? निघून गेलं तोंडातून. ... बरं, हळू बोला. उस्तादचे हात थरथर कापतात, तीन वर्षं झाली. चहा पितात तर त्याइची बायको, नंदाकाकू, कप धरते. त्या लाल गाडीच्या वेळी ऐकलंच नाही, म्हने माझी गादी आहे, मीच कापीन. मग तो गाडीवाला शेठ दारात उभा राहून ओरडला, कोनी केलं हे? उस्ताद पांढरेफटक. दरेकसा गावावरून आलो तवा या मानसानं मले पोटाशी धरलं होतं, हातात हात घेऊन वॉल्व घासाले शिकवलं. मी म्हनलो — म्या केलं. बस. एवढंच बोललो न् अडकलो. तवापासून सारं काम मी करतो न् गिऱ्हाईक उस्तादच्या पाया पडते. दुसरीकडं जावं म्हनलं तर चैतरामले कोनी उभं करत नाही. लय घुसमटतो जी मी. रडू येते कधी कधी, खोटं कायले सांगू.

न् आता तुमी उस्तादले तुमच्या गॅरेजात कामाले न्याले आले. तथी पहिल्याच दिवशी उघडं पडंन सारं. ऐका — हे हेड म्या घासलं. सोळाही वॉल्व, या दोन तळहातांनी, पाच दिवस. इंजिनाले पचंन तेवढेच मोठे केले, सीट केसाएवढी राखली. घाला बोट खाली. घाला ना! कोरडं आहे का नाही? मग मले न्या जी. तुमच्या शेठले एवढंच सांगा का चैतरामनं —

उस्ताद! उठले का जी? कवापासून उभे आहा पडद्यापाशी? ... काही नाही, हे भाऊ विचारून राहिले, एवढं बारीक काम कोनी केलं म्हनून. तुमीच ना जी! मी सांगूनच राहिलो होतो, उस्तादशिवाय कोनाची मजाल? बसा, हात मांडीखाली घ्या, थंडी वाजून राहिली तुमाले. न् नागपूरले नाही येनार म्हनतात आमचे उस्ताद. हो ना जी? या वयात गोरेगाव सोडून कायले जातीन. लागलं तर हेड अथीच पाठवा, ते करून देतीन.

निघा भाऊ आता. बाजाराची गर्दी झाली का गाडी निघनार नाही तुमची. हेड उचला — नाही जी, मी हात नाही लावत. तुमच्या शेठनं सांगतलं आहे ना.