बाजार बंदची चौकट

तुम्ही म्हणता ना, पेपरवाल्यांना कोणी जाब विचारत नाही. आमच्या नगरच्या ऑफिसात एकाने विचारला होता, तोही बोकडं घेऊन.

झालं असं, की पान लावणाऱ्याने घाईत मागच्या वर्षीचंच पान उघडून त्यात नव्या बातम्या भरल्या. जनावरांच्या साथीच्या वेळची 'घोडेगावचा बाजार आज बंद' ही चौकट तशीच राहिली आणि पहिल्या पानावर छापून आली. तपासणाऱ्यांपैकी एकानेही ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी बोकडांचे व्यापारी रशीदभाई टेम्पो घेऊन दारात हजर. सगळी बोकडं आमच्या जिन्याला बांधून ते वर आले.

"गिऱ्हाईकच आलं न्हाई. समदे पेपर वाचून घरी बसले."

संपादक म्हणाले, "उद्या खुलासा देतो. आतल्या पानावर, छपाईची चूक म्हणून."

"मशिनीनं केलं का हे?"

"नाही, आमच्याच माणसांनी."

"मग तसंच लिहा. आन् जिथं चूक छापली तिथंच लिहा. तवर बोकडं हितंच राहत्याल."

संपादक वैतागले. "अहो, पहिल्या पानावर स्वतःचीच चूक छापली, तर आमच्यावर विश्वास कोण ठेवेल?"

रशीदभाई खुर्ची ओढून बसले. "काल समद्यांनी ठेवला की, सायेब. म्हणून तर बोकडं इकली न्हाईत."

पहिल्या पानावरची पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आत गेली आणि तिच्या जागी खुलासा लागला. रशीदभाईंनी तो छापलेला, संपादकांच्या नावासकट वाचून पाहिला, तेव्हा कुठे आमचा जिना मोकळा केला.