ब्रायसची डावी बाजू

शेरीफ : पुन्हा सांग. गाडी कोण चालवत होतं?

कॉर्डेल : मीच. किती वेळा तेच दळण दळायचं, कोच?

शेरीफ : शेरीफ म्हण, आता पोलिसांचा प्रमुख आहे मी. शाळेत फुटबॉल शिकवायचं मी कधीच सोडलं.

कॉर्डेल : जीभच वळत नाही.

शेरीफ : बरं. गाडी ब्रायसची. काल गुरुवार, म्हणजे क्वार्टरबॅकनं, चेंडू फेकणाऱ्या ब्रायसनं, मैदानावर त्याला जपणाऱ्या तुम्हा राखणदारांना जेवू घालायचा दिवस. मग त्याची गाडी तुझ्या हातात कशी?

कॉर्डेल : बाकीचे आपापले गेले. तो दमला होता, म्हणून मी चालवली.

शेरीफ : दमला होता, की प्यायला होता?

कॉर्डेल : दमला होता. यूलिसकाका रस्त्याच्या कडेनं चालले होते. मला दिसले नाहीत. धडकलो, घाबरलो, पळालो. लिहून घ्या नि टाका आत.

शेरीफ : स्टेडियमच्या दारात उकडलेल्या शेंगा विकणारा म्हातारा. लहानपणी फुकट खाल्ल्यास तू त्याच्या शेंगा.

कॉर्डेल : ...कसे आहेत?

शेरीफ : ऑपरेशन चाललंय. डॉक्टर धड काही बोलत नाहीत. खांदा का चोळतोयस?

कॉर्डेल : सरावात लागलं. काल.

शेरीफ : अरे, गुरुवारच्या सरावात कुणी कुणाला धक्कासुद्धा देत नाही! गावातलं शेंबडं पोरही जाणतं हे. मला शेंड्या लावतोस? काढ बटणं.

[कॉर्डेल शर्ट उघडतो. उजव्या खांद्यापासून छातीवर तिरका, काळानिळा वळ.]

शेरीफ : गाडीच्या पट्ट्याचा आहे. चालवणारा बसतो डावीकडे, त्याचा पट्टा येतो डाव्या खांद्यावरून. तुझा वळ उजवीकडे कसा?

कॉर्डेल : तुम्हीच शिकवलंत! ब्रायस चेंडू फेकायला वळला, की डावीकडून त्याची पाठ उघडी पडते. मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. तिथं मी उभं राहायचं. मार खायचा, पण हूं की चूं करायचं नाही.

शेरीफ : मैदानावर, पोरा. तुरुंगात नाही.

कॉर्डेल : मोठे संघ त्याला न्यायला टपलेत. अख्खं अलाबामा त्याला डोक्यावर घेऊन नाचतंय. मी काय, असलो काय नि नसलो काय!

शेरीफ : बाहेर बाकावर तुझी आई बसलीय. तिला सांग हे, म्हणजे कळेल. ...ब्रायस येऊन गेला सकाळी.

कॉर्डेल : काय म्हणाला?

शेरीफ : विचारल्याबरोबर तुझं नाव घेतलं. पापणीसुद्धा लवली नाही.

कॉर्डेल : मी त्याला थांब म्हटलं होतं, कोच. ओरडून म्हटलं. काका हलत होते.

शेरीफ : हं.

कॉर्डेल : पाठ होती त्यांची आमच्याकडे. त्यांना काही दिसलंच नाही.

शेरीफ : त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार मग?

कॉर्डेल : उद्या सामना आहे. गाव माझ्या नावानं खडे फोडेल.

शेरीफ : फोडेल. माझ्याही. पुढच्या साली शेरीफपदाची निवडणूक आहे मला.

कॉर्डेल : ...आईला आत बोलवा. आणि ते जबानी टिपायचं यंत्र चालू करा.

शेरीफ : केलं. सांग.

कॉर्डेल : मी उजवीकडे बसलो होतो.